कप्तानांचा खंजीर

"अहो, चहा निवतोय तुमचा. ठेवा आता ते," विहीणबाई दुसऱ्यांदा म्हणाल्या.

दातवाल्यांच्या कानावर शब्द पडले, पण आत काही गेले नाहीत. त्यांच्या हातात खंजीर होता, आणि हातात खंजीर आला की या गृहस्थांना बायको, चहा, पंचक्रोशी कशाचंच भान राहत नसे. खंजीर म्हणजे मारामारीचा नव्हे. नौदलातल्या अधिकाऱ्यांनी संचलनाच्या दिवशी पांढऱ्याशुभ्र गणवेशावर कमरेला लटकवायचा, सोनेरी गोंड्याचा, निव्वळ शोभेचा. त्याला धार नसते. त्याने धड काकडीही चिरली जायची नाही. पण असे जुने खंजीर शोधत फिरणारी, त्यांच्यासाठी जीव टाकणारी माणसं जगात आहेत आणि दातवाले त्यांतलेच एक. पोटासाठी ते दातांच्या कवळ्या बनवत. खंजीरवाल्यांच्या मंडळात त्यांना म्हणून दातवाले म्हणायला लागले आणि मग ते नाव घरीदारी सगळीकडे चिकटलं.

आजचा खंजीर मात्र त्यांचा नव्हता. तो होता कप्तानांचा. कप्तान म्हणजे त्यांच्या जावयाचे आजोबा, घरातले अण्णा. आज त्यांचा वाढदिवस होता आणि दिवाणखाना नातेवाइकांनी गच्च भरला होता. केक कापून झाल्यावर म्हातारा स्वतः उठून, भिंतीला हात लावत लावत आत गेला, कपाटातली मखमली पिशवी घेऊन आला आणि सगळ्यांदेखत ती दातवाल्यांच्या हातात ठेवली.

"हे आमचे व्याही. यातले जाणकार आहेत," कप्तान पाहुण्यांना म्हणाले. "आता यांच्याच तोंडून ऐका, काय चीज आहे ती."

'जाणकार' म्हटल्यावर दातवाले फुलून गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबड्यांचे साचे घासत बसलेल्या माणसाला भरल्या दिवाणखान्यात जाणकार कोण म्हणतो? त्यांनी चष्मा पुसला, म्यान निरखलं, खंजीर बाहेर काढला आणि मंडळातल्या माणसाचा हात जिथे आपोआप जातो तिथेच त्यांचा हात गेला. मुठीच्या टोकाचं बोंड त्यांनी फिरवायला घेतलं. अशा खंजिराचं खरंखोटं पात्याच्या बाहेरच्या चकाकीवर ठरत नाही. बोंड काढायचं, मूठ उतरवायची आणि पात्याचं जे शेपूट मुठीच्या पोटात दडलेलं असतं ते बघायचं. तिथे कारखान्याचा शिक्का असतो, आकडा असतो. मंडळातली माणसं समोर आलेला खंजीर उघडल्याशिवाय राहूच शकत नाहीत. यात उद्धटपणा असतो असं त्यांना कधी वाटलेलंच नसतं.

"बाबा, राहू द्या ना," त्यांची मुलगी हळूच म्हणाली. तिच्या हातात बशा होत्या.

मूठ निघाली. शेपटावर शिक्का नव्हता, आकडा नव्हता. कुणीतरी साधा आटे पाडलेला खिळा कापून पात्याला डाग देऊन, म्हणजे झाळून, जोडला होता, आणि तोही घाईने. दातवाल्यांनी ते पातं उजेडाकडे धरलं, मान तिरकी केली आणि मंडळात टाळी मिळावी अशा सुरात म्हणाले, "म्यान अस्सल आहे. आतला मात्र नाटकातला राजा आहे!"

कुणीतरी हसलंसुद्धा. मग ते हसू एकटंच राहिलं.

"म्हणजे?" कप्तानांनी विचारलं.

अजूनही सावरता आलं असतं. पण दातवाल्यांना ते विद्यार्थ्याचं कुतूहल वाटलं. त्यांनी अक्कल पाजळायला सुरुवात केली. हा डाग बघा, हे आटे बघा, ही नक्षी आम्लाने कोरलेली नाही, यंत्राने ओरखडलेली आहे, असे खंजीर नाटक कंपन्यांना सामान पुरवणारे लोक बनवतात, भाड्याने देतात. ते बोलत राहिले आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की खोलीतलं एकही माणूस खंजिराकडे बघत नाहीये. सगळे कप्तानांकडे बघताहेत. आणि त्यांची स्वतःची मुलगी जमिनीकडे.

कप्तानांनी हात पुढे केला. मूठ, पातं, बोंड असे तीन तुकडे त्यांच्या तळव्यावर आले. डोळे अधू असल्याने ते बोटांनीच चाचपून जोडायला लागले. आटे बसेनात. बोंड घरंगळून सोफ्याखाली गेलं. ते काढायलाही कुणी वाकलं नाही. म्हातारा उठला आणि राहिलेले दोन तुकडे घेऊन आपल्या खोलीत गेला.

स्वयंपाकघरात विहीणबाईंनी त्यांना गाठलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या पाण्याचे ग्लास विसळता विसळता बोलत होत्या.

"आमच्या ह्यांनी विकला होता तो. पीत होते तेव्हा. अण्णा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, आणि ह्यांनी म्यान तेवढं ठेवून खंजीर नेला. दारू उतरली तेव्हा हे वेड्यासारखे हिंडले, एक जुना बाजार सोडला नाही. नाही मिळाला. मग एका नाटकवाल्याकडून करून आणला. आणला त्या दिवसापासून गेले त्या दिवसापर्यंत थेंबाला शिवले नाहीत."

दातवाल्यांनी विसळलेला एक ग्लास उगाच पुसायला घेतला.

"अण्णा सगळ्यांना काय सांगतात माहीत आहे? माझा मुलगा प्यायचा, पण घरातल्या वस्तूला त्याने कधी हात लावला नाही. एवढं एकच वाक्य आहे त्यांच्याकडे पोराबद्दल चांगलं बोलायला." त्यांनी नळ बंद केला. "घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या मुलीला तर लग्न होऊन आल्या आल्या सांगितलं मी."

"तिने मला कधी..." दातवाले पुटपुटले.

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही बघायला मागितला असता," मुलगी दारातून म्हणाली. "मागितला नसता का, बाबा? खरं सांगा."

मागितला असता. शपथेवर मागितला असता, आणि पहिल्याच भेटीत. दातवाल्यांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बायकोला खूण केली आणि दोघं चपला घालून बाहेर पडली. निरोप द्यायला कुणी दारापर्यंत आलं नाही.

पुढचे काही दिवस वाईट गेले. प्रयोगशाळेत त्यांच्या हातून एक वरची कवळी इतकी घासली गेली की ती परत साच्यात घालावी लागली. घरी आल्यावर ते काचेच्या कपाटाकडे पाठ करून बसत. या कपाटात त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं होती. लग्नाच्या वाढदिवसाला घ्यायची साडी राहिली आणि त्याऐवजी हस्तिदंती मुठीचा एक खंजीर आला होता. मुलीच्या शाळेच्या सहलीला ते गेले नव्हते, कारण त्या दिवशी कुणाचा तरी संग्रह विकायला निघणार होता. बायकोने हे सगळं चालवून घेतलं, अधूनमधून टोमणे मारून का होईना. बदल्यात त्यांना काय मिळालं, तर मंडळात मान. दातवाल्यांनी उघडून बघितला आणि खरा म्हटलं, की तो खरा. एरवी कुठेही त्यांचं मत कुणी विचारत नसे, अगदी घराला रंग कुठला लावायचा यातसुद्धा. मंडळाच्या त्या एका खोलीत मात्र त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते वजन घेऊन आपण एका म्हाताऱ्याच्या छातीवर बसलो, हे त्यांना दिवसभर टोचत होतं.

मुलीचा फोन आईला आला. त्यांना नाही.

"अण्णा जेवत नाहीयेत म्हणे नीट," बायको फोन ठेवून म्हणाली. "खंजिराचे तुकडे उशाशी घेऊन बसतात. काल विहीणबाईंना विचारलं त्यांनी, सरळच. माझ्या मुलाने विकला का? म्हणून."

"मग?"

"मग काय, त्या नाही म्हणाल्या. पण त्यांच्या तोंडाकडे बघून कुणाचा विश्वास बसणार?" ती समोर येऊन बसली. "तुम्ही जा. चुकलो म्हणून सांगा. खरा आहे म्हणून सांगा."

"खोटं बोलू? या बाबतीत?"

"त्या दिवशी खरं बोलताना कुणाला विचारलं होतंत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली.

कप्तान खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांनी 'या'ही म्हटलं नाही. दातवाले उभ्या उभ्याच बोलायला लागले. रात्रभर घोकलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

"अण्णा, माझी चूक झाली. मी एका जुन्या माणसाला विचारलं, नौदलाच्या कर्मशाळेत होते ते. समुद्रावरच्या खाऱ्या हवेने पाती गंजत. मग तिथल्या तिथे पातं नवीन करून शेपटाला डाग देऊन जोडत. त्यावर शिक्का नसायचाच. हे आमच्या लोकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. तुमचा खंजीर खरा आहे."

असा कुणी जुना माणूस नव्हता. असली कर्मशाळाही बहुधा नसावी. कप्तानांनी मांडीवरची मूठ बोटांनी चाचपली.

"दुरुस्तीला दिला होता मी एकदा," कप्तान सावकाश म्हणाले. "बहुतेक दिला होता. एका मोठ्या संचलनाच्या आधी. गंज चढला होता खरा."

"तेच ते."

"म्हणजे घरातून नाही बदललेला."

"छे! घरातून कोण बदलणार?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. दातवाल्यांना हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटली. खोटं इतकं सहज पचेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते निघायला वळले, तेवढ्यात मागून कप्तानांचा जुना, डेकवरचा आवाज आला.

"थांबा. बोललात कुठे? चारचौघांत. आणि चुकलो म्हणायला आलात एकटे, दार लोटून. तुमचं ते मंडळ आहे ना, जाणकारांचं? मला तिथे न्या. त्यांच्यासमोर सांगा. मग मी मानेन."

"अण्णा, तिथे कशाला..."

"का? खरा आहे ना?"

"खरा आहे," दातवाले म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मंडळ रविवारी सकाळी भरत असे, चष्म्याच्या एका दुकानाच्या माडीवर. दुकानाचा मालक चष्मेवाला हाच मंडळाचा म्होरक्या. बोलायला तिखट, पण नजर अशी की बनावट माल त्याच्यासमोर ठेवायची कुणाची छाती होत नसे. मधोमध हिरव्या बनातीच्या कापडाचं टेबल, भोवती खुर्च्या. रीत ठरलेली. आणलेला खंजीर ज्याचा असेल त्याने बनातीवर ठेवायचा, त्यानेच 'उघडा' म्हणायचं, मग तो हातोहात फिरायचा आणि शेवटी चष्मेवाला नाहीतर दातवाले निकाल सांगायचे.

दातवाल्यांनी कप्तानांना हाताला धरून जिना चढवला. म्हाताऱ्याने इस्त्रीचा कोट घातला होता. दाढी इतकी गुळगुळीत केली होती की हनुवटीवर एक कापलेलं दिसत होतं. बोंड सोफ्याखालून सापडलं होतं आणि नातवाने ते घट्ट बसवून दिलं होतं.

"हे माझ्या मुलीचे आजेसासरे, नौदलात होते," दातवाल्यांनी ओळख करून दिली. कप्तानांनी खंजीर म्यानातून काढून बनातीवर ठेवला, तोही अगदी हळुवार, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

उघडायची गरजच नव्हती. तो नकली आहे हे मंडळातल्या प्रत्येकाला बसल्या जागेवरून कळलं. एकाने दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्याने खोकल्यासारखं केलं. चष्मेवाल्याने पुढे वाकून खंजीर उचलला, बोंडावर बोटं ठेवली आणि कप्तानांना विचारलं, "उघडू?"

कप्तान 'हो' म्हणायला तोंड उघडणार तोच दातवाले म्हणाले, "नको."

चष्मेवाल्याने मान वर केली. या खोलीत 'उघडू नका' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"मी उघडून बघितलाय," दातवाले म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "पातं कर्मशाळेत बदललेलं आहे. बाकी अस्सल आहे. आधी मी तो नकली म्हणालो होतो, अण्णांच्या घरी, सगळ्यांसमोर. ती माझी चूक. मला कळलं नाही."

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

"दातवाले, दिवसाउजेडी बघितलंत ना?"

खोलीत खसखस पिकली. कप्तानांना वाटलं, हे हसू व्याह्यांच्या आधीच्या चुकीला आहे, आणि तेही मोकळेपणाने हसले. "अहो, होतं असं," ते चष्मेवाल्याला म्हणाले. "नवीन माणसाला नाही कळत लगेच. घाई करतात."

चष्मेवाल्याने खंजीर खाली ठेवला. "सुंदर आहे, साहेब," तो कप्तानांना म्हणाला. एवढं त्याचं चांगलंच म्हणायला हवं. पण चहा आला तेव्हा त्याने दातवाल्यांना जिन्याच्या तोंडाशी बोलावलं.

"विकायचाय का व्याह्यांना? स्पष्ट सांगा."

"विकायचा? नाही, नाही!"

"मग इथे आणून अस्सल म्हणवून कशाला घेताय? आमच्या मंडळाचा शब्द पडला की बाहेर गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं, हे तुम्हालाही कळतं. आणि तुम्हाला तो डाग दिसला नाही, हे मला सांगू नका."

दातवाल्यांच्या तोंडाशी सगळं आलं होतं. दवाखाना, दारू, नाटकवाला, सगळं. दोन वाक्यांत सांगून मोकळं होता आलं असतं. पण आत कप्तानांचा आवाज ऐकू येत होता, ते कुणाला तरी आपल्या मुलाबद्दल सांगत होते. इथे सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळाला कळणार, आणि म्हातारा पुन्हा इथे आला तर कुणाच्या तरी तोंडून निसटणार. आणि एक वाक्य निसटलं की काय होतं, हे दातवाल्यांइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मी सांगितलं तेच आहे," ते म्हणाले.

"तुमच्या शब्दावर मी वस्तू घेतल्यात, दातवाले."

दातवाल्यांनी मान खाली घातली. चष्मेवाला आत गेला. दातवाले जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. आपण लबाड ठरलो, का मूर्ख, यातलं काय जास्त झोंबतंय हे त्यांना ठरवता येईना. दोन्हींची लाज सारखीच तोंडावर आली होती.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, अण्णा जेवले. दोनदा मागून घेतलं," ती म्हणाली आणि मग जरा थांबून, "तिथे काय झालं?"

"काही नाही. सगळ्यांना आवडला."

"खरंच?"

"सुंदर आहे म्हणाले," दातवाल्यांनी सांगितलं. यातलं निदान हे तरी खरं होतं.

कप्तान पुढच्या रविवारीही तयार होऊन बसले. आणि त्याच्या पुढच्याही. मुलगी त्यांना रिक्षाने आणून सोडायची आणि दातवाले जिना चढवायचे. मंडळाने म्हाताऱ्याला सामावून घेतलं. त्याच्या बोटीवरच्या गोष्टी सगळ्यांना आवडायला लागल्या. त्याचा खंजीर पुन्हा कुणी उघडायला मागितला नाही. दातवाल्यांना मात्र कुणी काही विचारेनासं झालं. भांडण नाही, अबोला नाही, नमस्कार-चमत्कार सगळं पूर्वीसारखं. फक्त वस्तू फिरत यायची ती त्यांच्या अलीकडच्या माणसाकडून पलीकडच्या माणसाच्या हातात जायची. पहिल्यांदा त्यांनी हात पुढे केला होता. मग ते हात मांडीवर ठेवून बसायला शिकले. बायको म्हणाली, जाऊ नका आता, कशाला जाता? पण ते गेले नाहीत तर कप्तानांना जिना कोण चढवणार?

एका रविवारी कुणीतरी फार जुना, निळ्या मीनाकामाच्या मुठीचा खंजीर आणला. असा खंजीर दातवाल्यांनी जन्मात फक्त चित्रात बघितला होता. चष्मेवाल्याने तो उघडला, सगळे उठून टेबलाभोवती गोळा झाले. दातवाले खुर्ची सोडून अर्धवट उठले. समोर सगळ्यांच्या पाठी होत्या. त्यांनी एकदा टाचा उंचावून बघितलं आणि मग ते परत खाली बसले.

कप्तानही बसलेलेच होते. गर्दीत त्यांना काही दिसलं नसतंच. त्यांनी शेजारी चाचपून दातवाल्यांचं मनगट धरलं.

"नाराज होऊ नका हो," ते हळू आवाजात म्हणाले. "एका चुकीने कुणी अडाणी ठरत नाही. शिकायची तयारी पाहिजे फक्त. मी दाखवतो तुम्हाला."

त्यांनी आपला खंजीर म्यानातून काढला आणि दातवाल्यांच्या दोन्ही तळहातांवर आडवा ठेवला.

"डोळे मिटा. आकडे, शिक्के सगळं विसरा. नुसतं वजन बघा. खऱ्याचं वजन असं असतं. नकली हातात घेतला ना, तर कसा पोकळ लागतो. कळतंय का फरक?"

टेबलाकडून एक-दोघांनी वळून बघितलं. चष्मेवाल्यानेही.

दातवाल्यांनी डोळे मिटले. हातातलं पातं हलकं होतं, पत्र्यासारखं.

"हो, अण्णा," ते म्हणाले. "आता कळतंय."